खोकल्याच्या औषधासारखं वाटणारं अत्तर: लावायचं कसं, सांगायचं कसं

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बहिणीनं त्यांना सहा मिलीची तेल-अत्तराची कुपी भेट दिली. डबीवर लिहिलंय: आलुबुखार, काळा मनुका, लवंग, दालचिनी, लोबान, लॅब्डॅनम, हिराबोळ. ताई म्हणतात, "लावल्या लावल्या खोकल्याच्या औषधाचा वास येतो. तासाभरानं मला काहीच येत नाही म्हणून परत लावते, तर बँकेत शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणतात डोकं दुखतंय. बहीण फोन केला की विचारते कसं आहे, आणि 'छान आहे' याच्यापुढं मला काही सुचत नाही. हे लावायचं कसं आणि कसं आहे ते सांगायचं कसं?"

ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. अत्तर बिघडलेलं नाही आणि तुमचं नाकही नाही. तुम्ही ते जास्त लावताय आणि भलत्याच वेळी जोखताय. फळ, मसाला आणि राळ एकत्र असलेलं तेल पहिल्या दहा मिनिटांवर जोखलं तर दहातले आठ जण नाक मुरडतात. ते तिसऱ्या-चौथ्या तासाला जोखायचं असतं. आणि सांगताना डबीवरची यादी वाचून दाखवायची नसते, अंगावर काय काय घडत गेलं ते सांगायचं असतं. सांगलीत ऊद-धूप आणि अत्तर विकण्यात माझी उमर गेली. ही तक्रार दर हिवाळ्यात काउंटरवर येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोकल्याच्या औषधाचं म्हणाल तर तुम्ही अगदी बरोबर ओळखलंय. त्या औषधात चेरीसारख्या फळाचा स्वाद घातलेला असतो. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची टोलू बाल्सम नावाची राळ कफ सिरपमध्ये घालण्याची जुनी रीत आहे. लवंगेतलं युजेनॉल दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दात तात्पुरता भरायला वापरतात. त्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच येणारा वास बराचसा तोच. म्हणजे फळ, राळ आणि लवंग हे सामान औषधवाल्यानं आणि अत्तरवाल्यानं एकाच फडताळातून काढलंय. आपल्याकडं त्यात आणखी एक भर पडते. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग आणि ऊद, म्हणजे लोबान, टाकून धुरी द्यायचे. ज्या घरात हे झालंय तिथल्या माणसाला लोबान असलेलं कुठलंही अत्तर आधी त्या खोलीत नेऊन सोडतं. दुकानात बायका हटकून म्हणतात, "अगंबाई, हे तर बाळाच्या धुरीसारखं!" काही जणी खुलतात, काही कुपी लगेच खाली ठेवतात. दोन्ही रास्त आहे.

पण हे सगळं सुरुवातीचं. पुढं काय होतं ते समजायला उडण्याचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन 176 अंश सेल्सिअसला उकळतं, लवंगेतलं युजेनॉल 254 च्या आसपास, आणि लोबानात गोडसरपणा आणणारं व्हॅनिलिन 285 ला. आपली कातडी तिशीच्या थोडीच वर असते, तिथं काही उकळत नाही, पण आधी कोण उडणार आणि मागं कोण राहणार हा क्रम साधारण तसाच पडतो. फळ पुढं, मसाला मध्ये, राळ मागं.

फळाचा मात्र एक पोटभेद आहे आणि तो विकणारे फारसे सांगत नाहीत. सफरचंद-अननसाचा टवटवीत वास देणारी एस्टर जातीची द्रव्यं फार हलकी असतात. त्यातलं इथिल ब्युटिरेट 121 अंशालाच उकळतं. ती काही मिनिटांत पसार होतात. पीच-जर्दाळूचा सायीसारखा वास देणारी लॅक्टोन जड असतात, ती राळेच्या मांडीला मांडी लावून शेवटपर्यंत बसतात. आणि तुमच्या डबीवरचं आलुबुखार, मनुका हे गडद फळ बहुतेक वेळा डॅमॅस्कोन जातीच्या द्रव्यांनी उभं केलेलं असतं. त्यांचं सख्खं भावंड गुलाबाच्या तेलातही सापडतं, म्हणून चांगल्या आलुबुखारात मध्येच गुलाब आल्याचा भास होतो. तसा तुम्हाला झाला तर दचकू नका, उलट ती चांगली खूण आहे.

फळाचं अत्तर "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढं जावं. कनौजच्या देग-भपक्यात, म्हणजे अत्तर गाळायच्या जुन्या भट्टीत, गुलाब चढतो, केवडा चढतो, खस चढते, भाजलेली मातीसुद्धा चढते. आलुबुखार चढत नाही. लिंबा-संत्र्याची साल दाबून तेल निघतं तेवढा अपवाद धरा. बाकी फळं प्रयोगशाळेत तयार होतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गेर्लां या फ्रेंच घराण्यानं 1919 साली मित्सुको हे अत्तर काढलं, त्यातलं पीच असंच बनवलेलं होतं. त्या द्रव्याला धंद्यात अजून 'आल्डिहाइड सी-14' म्हणतात. खरं तर ते आल्डिहाइडही नाही आणि त्यात कार्बन चौदा नसून अकराच आहेत. नावावर जाऊ नये हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकावं लागतं. फळावर मसाला आणि त्याखाली राळ ही घडणही काल-परवाची नाही. 1977 च्या ओपियम या अत्तरानं ती जगभर पोचवली. तुमच्या कुपीतलं अत्तर त्याच वाटेवरचं आहे.

नावावरून आठवलं. आपल्या वाण्याच्या दुकानात ऊद मागितला तर लोबान मिळतो, धुरीचा. अत्तराच्या दुकानात ऊद मागितला तर अगरू या सुगंधी लाकडाचं तेल काढून ठेवतील आणि भाव ऐकून घाम फुटेल. बहिणीला सांगताना तुमच्या अत्तरात "ऊद आहे" असं म्हणालात तर ती भलतंच समजेल. लोबान म्हणा.

आता तेल आणि स्प्रे यातला फरक, कारण तुमचा अर्धा घोटाळा इथं आहे. स्प्रेमधलं अल्कोहोल क्षणात उडतं आणि जाताना फळाला वर उचलून हवेत फेकतं. चार पावलांवरच्या माणसालाही ते फळ ताजं वाटतं. तेलात उचलणारं कोणी नाही. तेल सगळ्यांना धरून ठेवतं, सावकाश सोडतं. त्यामुळं तेच आलुबुखार तेलात ताजं न वाटता मुरंब्यासारखं, दाट वाटतं. स्प्रेची सवय असलेली माणसं तेल लावून हवेत वास शोधतात, येत नाही म्हणून दोन बोटं आणखी फासतात, आणि मग अंगाची ऊब चढली की सगळं एकदम बाहेर पडतं. तुमच्या मॅडमचं डोकं तिथं दुखायला लागतं.

आणि तासाभरानं तुम्हाला येईनासा होतो तो वास गेलेला नसतो. सतत एकच वास येत राहिला की नाक त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. हळदीच्या सौद्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या हमालाला विचारा हळदीचा वास येतो का. तो म्हणेल कुठला वास? शिवाय काही माणसांना कस्तुरीसदृश काही द्रव्यं मुळातच हुंगता येत नाहीत आणि बहुतेक मिश्रणांत अशी कस्तुरी तळाला असतेच. तेव्हा स्वतःच्या नाकावर विसंबून दुसरा हात कधीच मारायचा नाही. वास आहे का हे तपासायचं तर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन परत या, किंवा बाहेरून घरात येणाऱ्या माणसाला विचारा. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात तो नुसता देखावा. मोकळी हवा तेवढंच काम करते.

लावण्याची माझी पद्धत अशी. आंघोळ झाली, अंग पुसलं, पण कातडी अजून किंचित ओलसर आहे, तेव्हा बिनवासाचं कुठलंही मॉइश्चरायझर बोटभर लावायचं. कोरड्या कातडीवर तेल लवकर विरतं, हिवाळ्यात तर फारच. मग काचेच्या काडीचं टोक कुपीच्या गळ्याला निथळून घ्यायचं. थेंब लोंबता कामा नये. ते टोक एकदाच टेकवायचं. हे झालं पूर्ण माप. मनगटावर नको. बँकेत दिवसभर हात टेबलावर, तोंडासमोर, वरून सॅनिटायझर, आणि सॅनिटायझरमधलं अल्कोहोल त्या वासाला परत उठवतं. तुमच्यासारखीला छातीच्या मधोमध, कपड्याच्या आत, हीच जागा चांगली. वास कपड्याच्या गळ्यातून स्वतःपुरता वर येतो आणि शेजारणीपर्यंत क्वचितच पोचतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाला मानेच्या मागं, केसांच्या मुळाशी. घासायचं नाही. घासल्यानं रेणू तुटतात म्हणतात ते खरं नाही, पण ऊब येऊन वरचं फळ घाईनं उडतं आणि मग सरळ लवंगेशी गाठ पडते, जी तुम्हाला आधीच नकोशी आहे.

वेळेचं सगळ्यात महत्त्वाचं. घरातून निघायच्या तासभर आधी लावा. कफ सिरपचा भाग स्वयंपाकघरात, डबा भरता भरता संपून जाऊ दे. फोडणीच्या वासात तो कोणाला कळणारही नाही. बँकेत पोचाल तेव्हा अत्तर आपल्या चांगल्या भागात शिरलेलं असेल. आणि तरीही त्या मॅडमना त्रास होत असेल तर कामाच्या दिवशी हे अत्तर बंद, रविवारी लावा. एसीच्या बंद खोलीत दुसऱ्याच्या डोक्याशी हुज्जत घालू नये. दालचिनी-लवंगेचा काहींना खरोखर त्रास होतो, ती नाटकं नसतात.

जुन्या लोकांचा कानातला फाया मला अजूनही या जातीसाठी पसंत आहे. कापसाला काडी टेकवायची, कापूस कानाच्या पाळीवरच्या घडीत. कातडीला थेट लागत नाही, कमी-जास्त करता येतं, नको वाटलं तर काढून टाकता येतो. मिरजेच्या उरुसात येणारी वयस्कर मंडळी अजून तसंच मागतात. नमाजाला किंवा देवाला जाताना अल्कोहोल नको असणारेही तेलाकडंच वळतात.

हवेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तुमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणदेशात जेमतेम 500. एकच कुपी दोन्हीकडं नेलीत तर दोन अत्तरं वाटतील. महाबळेश्वरच्या थंड ओल्या हवेत राळ कातडीला चिकटून बसते, उमलतच नाही. तिथं ती स्वेटरच्या आत, उबेत ठेवावी लागते. दहिवडी-म्हसवडच्या कोरड्या उन्हात फळ लावता लावता उडतं आणि नुसता लोबान-हिराबोळ तापून उरतो, देवळाच्या गाभाऱ्यासारखा. आमच्या सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मी हे गिऱ्हाइकाला दाखवतही नाही, खस किंवा मोगरा पुढं करतो. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या कपड्यांवर राळ कोंदट होते. दिवाळी संपल्यापासून होळीपर्यंत या अत्तराचे दिवस. कराडची थंडी त्याला छान मानवते.

आता सांगण्याकडं येतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच होता.

"आलुबुखार, लवंग, लोबान" असं सांगितलंत तर बहिणीला काहीच कळणार नाही, कारण ते तिनं डबीवर वाचूनच घेतलंय. "बोल्ड", "रॉयल", "लाँग लास्टिंग" यांनी तर त्याहून कमी कळतं. त्याऐवजी प्रत्येक वस्तूची अवस्था सांगा. फळ आहे, पण कुठल्या अवस्थेतलं? कच्चं, पाडाला आलेलं, पिकून ओघळलेलं, वाळवलेलं, साखरेत शिजवलेलं, की आंबायला लागलेलं? ताजं द्राक्ष, बेदाणा, काळा मनुका आणि जुना मनुका हे चार वेगळे वास आहेत, आणि आपल्या भागातल्या माणसाला तर ते सांगायलाच नकोत. तासगावकडचे एक बागायतदार दुकानात लग्नासाठी अत्तर घ्यायला आले होते. मी याच घडणीचं मिश्रण त्यांच्या हातावर टेकवलं. डोळे मिटून हुंगलं, मग म्हणाले, "बेदाणा नव्हं हा. यात गंधक नाही. काळा मनुका हाय, आणि तोबी गेल्या सालचा." बेदाण्याला पिवळा रंग राखायला शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, त्यांच्या नाकात ती कायमची बसलेली. गंधक नाही, म्हणून मनुका. आणि गेल्या सालचा म्हणजे कडेला किंचित आंबूस, तपकिरी. डबीवरच्या सात शब्दांपेक्षा त्या एका वाक्यात मला जास्त कळलं. त्यांनी अत्तराचं एकही पुस्तकी नाव घेतलं नव्हतं.

मसाल्याचंही तसंच. लवंग अख्खी, दाढेखाली धरलेली, की कुटलेली, की तेलात परतलेली? अख्खी लवंग गार आणि टोचणारी असते, जिभेला बधिरपणा आणते. भाजलेली खमंग होते आणि कांदा-लसूण मसाल्याच्या आठवणीकडं झुकते. अत्तरात खमंगपणा दिसला तर सांगा, कारण अंगाला स्वयंपाकाचा वास आलेला पुष्कळांना नको असतो. दालचिनी गोड साल आहे की तिखट पूड? मिरीचा ठसका नाकात बसतो की घशात? हे प्रश्न स्वतःला विचारत गेलात की शब्द आपोआप येतात.

राळेत सगळ्यात जास्त फरक आहेत आणि तिथंच माणसं सगळ्यात आधी गप्प होतात. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या: डिंक पाण्यात विरघळतो आणि त्याला वास जवळपास नसतो, राळ पाण्यात विरघळत नाही आणि वास तिलाच. गुग्गुळ, हिराबोळ, हिंग यांत दोन्ही मिसळलेले असतात. लाडवातल्या डिंकाचा आणि अत्तराचा काही संबंध नाही. तुमच्या कुपीत तीन राळा आहेत आणि तिघींचे स्वभाव तीन तऱ्हेचे. लोबान मऊ आणि गोडसर, दुधात व्हॅनिला घातल्यासारखा, कडा नसलेला. हिराबोळ कडवट, औषधी, थोडा मातकट. तुमच्या कफ सिरपच्या भासात त्याचाही हात आहे. लॅब्डॅनम भूमध्य समुद्राकाठच्या एका चिकट झुडपाची राळ. तिचा वास चामडं, उन्हात तापलेली पानं आणि काकवी यांच्या मधला. पूर्वी क्रीट-सायप्रसकडं शेळ्या त्या झुडपांत चरून आल्या की त्यांच्या दाढीला चिकटलेली राळ विंचरून काढत. माणदेशातल्या मेंढपाळांना हे सांगितलं की ते विश्वास ठेवत नाहीत, पण गोष्ट खरी आहे. लॅब्डॅनममध्ये लोबान आणि व्हॅनिला मिळाला की जे होतं त्यालाच अत्तरवाले 'अंबर' म्हणतात. देवमाशापासून मिळणारा खरा अंबर वेगळा, यात त्याचं काही नसतं.

राळेबद्दल बोलताना एक प्रश्न पुरतो: ती जळतेय की नुसती पडलीय? धुपाटण्यातला, निखाऱ्यावरचा लोबान धुरकट, डोळ्यांत जाणारा. पुडीतला, न पेटवलेला लोबान स्वच्छ आणि मऊ. काही अत्तरं पहिल्यासारखी असतात, काही दुसऱ्यासारखी, आणि बहिणीला नेमकं हेच हवं असतं, कारण तिला धुराचा वास अंगाला हवाय का नकोय हे तीच ठरवणार.

आमच्याकडचं जे मिश्रण मी त्या बागायतदारांच्या हातावर लावलं होतं, ते हातावर कसं जातं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला आपल्या कुपीशी ताडून बघता येईल. टेकवल्या टेकवल्या थेंब चकचकीत, किंचित तपकिरी. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कडक गोड वास, त्यात स्पिरिटसारखी एक गार धार. याच वेळी माणसं तोंड वाकडं करतात. पाच-सात मिनिटांनी ती धार मोडते आणि फळ बसकं होतं, साखरेच्या पाकात कढ आलेलं. पंधराव्या मिनिटाला लवंग चढते आणि फळाला झाकून टाकते. अर्ध्या तासापर्यंत नुसती लवंग-दालचिनी, तिखट, कोरडी. हा भाग मलाही फारसा आवडत नाही. तासाभरानं मसाला खाली बसतो, आणि त्याच्या मागून मनुका परत येतो, या वेळी गोड कमी आणि आंबूस जास्त, कडेला गुलाब. दोन तासांनंतर लोबान. तो येतो कधी ते कळत नाही, हात नाकाशी नेला की आहे एवढंच. चौथ्या तासाला काकवी, चामडं आणि मऊ गोडी, कातडीच्या वासात मिसळलेली. हे कुपीत नाक घालून कधीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी बाहीच्या अस्तराला फक्त लॅब्डॅनम आणि कस्तुरी. ज्याला हा शेवटचा भाग आवडतो त्यानं हे अत्तर घ्यावं. सुरुवात आवडली म्हणून घेणाऱ्याची फसगत होते.

घरी हे बघायचं तर जाड, न चकाकणाऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकीवर अत्तर टेकवून पेन्सिलीनं वेळ लिहा, दुसरी कोरी ठेवा, कागदाचा स्वतःचा वास वजा करायला. कागद क्रम नीट दाखवतो, कातडी मात्र शेवट दाखवते, तेव्हा दोन्ही करा. आणि हुंगल्यावर जे पहिलं आठवेल ते लिहा, मग ते कितीही अत्तराच्या बाहेरचं असो: गुऱ्हाळ, दप्तर, आजीची ट्रंक, नवी चप्पल. आठवण नेमकी असली की समोरच्याला वास येतो. मात्र फक्त आपल्या घरातली आठवण असली, "आमच्या काकूंच्या माडीसारखा", तर पुढं एक वाक्य घालून ती माडी कशी होती तेही सांगावं लागतं. किती टिकतं हे सांगताना हवा, जागा आणि माप सोबत सांगा. नुसतं "आठ तास टिकलं" म्हणजे काही नाही. कराडला जानेवारीत कपड्याच्या आत आठ तास टिकलेलं अत्तर जतला मे महिन्यात उघड्या हातावर तीन तासही टिकत नाही.

हे धरून तुम्ही बहिणीला असं काहीसं सांगू शकाल: "पहिली दहा मिनिटं औषधी वाटतं, नाक लावू नकोस. मग शिजवलेल्या आलुबुखाराचा वास येतो, फार गोड. त्यावर लवंग अशी चढते की अर्धा तास दुसरं काही कळत नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत लवंग गेली आणि जुन्या मनुक्यासारखं काही तरी परत आलं, थोडा गुलाब. दुपारनंतर न पेटवलेला लोबान, मऊ, धूर अजिबात नाही. संध्याकाळी ओढणीला काकवीसारखा वास होता. थंडीत, एकच काडी, आतून लावलेली. शेजारच्या मॅडमना या वेळी कळलं नाही." तुमच्या कुपीत क्रम वेगळा पडला तर वेगळा सांगा. माझा उतरवून काढू नका, नाही तर परत डबीवरची यादीच झाली.

आता कामाच्या चार गोष्टी. दालचिनी-लवंग असलेलं तेल पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला कणभर लावून दोन दिवस बघा. लाली, खाज आली तर अंगाला नको, कापसावरच. लहान बाळाच्या जवळ जाताना तर लावूच नका. डबीवर बर्गमॉट किंवा लिंबू असतं तर मी उन्हात उघड्या कातडीला लावू नका असंही सांगितलं असतं, काही सालींच्या तेलानं ऊन लागून डाग पडतात. तुमच्या यादीत ते दिसत नाही. पांढऱ्या कपड्यावर, रेशमावर थेट नको. राळेचा तपकिरी डाग धुतल्यानं जात नाही. मोत्यांवर तर नकोच, त्यांची झळाळी जाते.

कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहिला म्हणजे भेसळ, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. गुलाबाच्या शुद्ध तेलाला ती परीक्षा थोडीफार लागू पडते. राळेच्या अत्तराला नाही. लॅब्डॅनम शुद्ध असलं तरी डाग ठेवणारच. शिवाय आजकाल बहुतेक अत्तरांना चंदनाच्या तेलाचा आधार नसतो, ते कोणाला परवडणार? बिनवासाचं दुसरं द्रव्य असतं. ती भेसळ नाही, फक्त विकणाऱ्यानं चंदनाचं म्हणून चंदनाचा भाव लावू नये.

कुपी अंधारात, कपाटात ठेवा, बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको. काही महिन्यांत रंग गडद झाला तर घाबरू नका, व्हॅनिलिन असलं की तेल तपकिरी होतंच, आणि राळेचं अत्तर मुरून बऱ्याचदा सुधारतं. खवट किंवा टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला तरच बिघडलं म्हणा.

महिनाभर थंडीत, मोजक्या मापानं, तासभर आधी लावून बघा. तरीही लवंगेचा तो अर्धा तास सोसवत नसेल तर अंगाला लावायचा हट्ट सोडा. कापसाच्या बोळ्याला दोन थेंब लावून तो काचेच्या उघड्या वाटीत लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवा, पैठणीच्या कप्प्यात नको. स्वेटर काढाल तेव्हा त्यातला चौथा तासच तेवढा तुमच्या वाट्याला येईल.